जानूचा टाक

"हात धुतलंस?" चांगुणाआत्यानं विचारलं.

मी धुतले होते. तरी तिनं तांब्यातून माझ्या बोटांवर पुन्हा पाणी ओतलं, स्वतःच्या पदराला पुसायला लावलं आणि मगच मला कोनाड्यासमोरच्या पाटावर बसू दिलं. भिंतीतला तो कोनाडा हाच त्या घराचा देव्हारा. आत एका लाल फडक्यावर देवांचे टाक ओळीनं मांडलेले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती. घोड्यावरचा खंडोबा, एकवीरा, आणि समुद्रावर मरण आलेले घरातले दोन पुरुष, हातात तलवार घेतलेले. कोळ्यांच्या घरात असे पुरुष वीर होऊन बसतात. ओळीच्या टोकाला मात्र वेगळाच एक टाक होता. चांदीचा चौकोनी पत्रा, आणि त्यावर चार वाकवलेल्या आकड्यांनी पकडलेली सोन्याची एक चकती, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी.

"ह्यो माझा बापूस," आत्या बोलली.

चकतीवर एका पुरुषाचा एका बाजूनं दिसणारा चेहरा होता. रोजच्या अंघोळीनं, गंधानं आणि प्रत्येक लग्नाआधी सोनाराकडे उजळून आणल्यामुळे कपाळ गुळगुळीत झालं होतं, नाक बसलं होतं, डोळ्याच्या जागी एक सावली उरली होती. दाढी तेवढी शाबूत होती. भरघोस, छातीकडे उतरणारी, आणि तिच्या वळ्यांमध्ये हळद साठलेली.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि फोर्टमधल्या एका लिलावाच्या पेढीत नाण्यांच्या याद्या लिहायचे. दर नाण्याला चार ओळी. कुठलं, कोणत्या सालचं, वजन किती, झीज किती. आमच्या शेठना विशेषणं आवडत नसत. 'सुंदर' लिहिलं की ते लाल पेन्सिलीनं खोडायचे आणि म्हणायचे, "सुंदर आहे की नाही ते पैसे मोजणारा ठरवील."

चांगुणाआत्याचा भाचा पद्माकर आमच्या पेढीत आला तो सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेऊन. टाकावर तो दाबून त्यानं चेहऱ्याचा ठसा उतरवला होता. काठावरची अक्षरं झिजून गेली होती. शेठनी भिंग लावून पाहिलं. "दाढीवाला राजा. स्वीडन नाही तर नॉर्वे. दहा क्रोनर असणार, ऑस्कर राजाच्या वेळचं. ढिगानं निघालेलं नाणं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी जाऊन वजन करून ये. पाठ बघितल्याशिवाय नाण्याबद्दल बोलू नये."

नाणं घराबाहेर काढायला आत्याची परवानगी नव्हती. म्हणून मी तागडी, भिंग आणि चिमटा घेऊन रेवदंड्याला उतरले. तिथून खाडीपलीकडच्या साळखार नावाच्या वाडीत जायला होडीच लागायची, आणि तीही भरतीलाच. ओहोटीला मधे नुसता चिखल. सकाळच्या भरतीला पोचायचं आणि दुपारच्या ओहोटीत अडकून संध्याकाळच्या भरतीला परतायचं, असा तो हिशोब.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पद्माकर वल्हं मारत होता तरी होडी हलतेय असं वाटत नव्हतं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचे. मधेच एखादा बगळा दिसायचा, कशावर उभा आहे ते दिसायचं नाही. मग वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, आणि त्या वासामागून किनारा.

"मॅडम, एक आधीच सांगतो," पद्माकर वल्हं न थांबवता म्हणाला. तो पस्तिशीचा, बोलका माणूस होता. अलिबागला दहावीपर्यंत शिकलेला. "मला इंजिन बसवायचंय होडीला. ट्रॉलरवाले खोल पाण्यात जाऊन सगळं उचलून आणतात. आम्ही शिडाच्या होडीत बसून वाऱ्याची वाट बघतो. या साली इंजिन आलं नाय तर होडी विकायची आणि दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचं."

"आत्या तयार आहेत विकायला?"

"तयारबी हाय, नायबी हाय. तिची एक अट हाय. ती तुम्हालाच सांगेल. मला सांगून सांगून दमली."

घर लहान होतं, कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं. पाण्यावरून परतलेला उजेड आढ्यावर हलत होता. आत आल्यावरही होडीतून उतरल्यासारखं वाटेना.

आत्यानं टाक पुन्हा ओळीत ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पासष्टीची, काटक, नाकात मोरणी नसलेली बाई. लग्न झालं होतं, चार वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरात. भाऊही आता नव्हता. देवांचं सगळं तीच करायची.

"ह्यो राजा हाय ना कंचा तरी?" तिनं अचानक विचारलं.

होडीत बसल्यापासून मी हेच वाक्य कसं बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. हा तुमचा बाप नाही, हा परक्या देशाचा राजा आहे, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, ते काही सुचलं नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

"घाबरतेस कशाला? मना ठाव हाय. सोनारानं आयसला पहिल्याच दिशी सांगितलेला. पन टाकाला तोंड लागतं. बापसाचा फोटू कुठून आनायचा? दाढी तेवढी तशीच होती, आयस बोलायची. बास झाला."

मागून पद्माकर हसला. "त्यामुळे मी लहान असताना समजायचो आमचा आजा गोरा होता."

"तू गप. तुझा तोंड बघून कुनी तसा बोलनार नाय." मग ती माझ्याकडे वळली. "बाय, माझा एकच इचार हाय. ह्या सोन्याचा काय झाला ते तू सांग. बापसाला ते कुठं गावला? कसा गावला? तेवढा सांग आनि घेऊन जा. त्याच्या होडीला यंत्र लागू दे. माझा काय जात नाय. घराचा देव घराच्या कामाला आला."

"एवढंच?"

"एवढाच. इतकी वरसां मी त्याला अंघोळ घालते. तो कसा मेला ते मना ठाव नाय."

मग तिनं सांगितलं. आईकडून हजारदा ऐकलेलं, त्यामुळे ती स्वतः तेव्हा मोठी होती आणि तिथं उभी होती, असं वाटावं तसं ती सांगत होती.

जानू, तिचा बाप, चांगुणा पोटात असताना मुंबईला गेला आणि गोऱ्यांच्या एका शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज स्वीडनचं होतं, असं मुंबईहून आलेल्या एकानं सांगितलं. आईला तो शब्द कधी नीट बोलता आला नाही. वर्ष गेलं. चांगुणा जन्मली, रांगायला लागली. माघात एक दिवस भर दुपारी, वाडीतले सगळे पुरुष पाण्यावर असताना, दाभोळकडचा एक मचवा खाडीच्या तोंडाशी थांबला आणि त्यातून एक माणूस होडीनं किनाऱ्याला आला. मुसलमान खलाशी होता, वयस्क. जानूचं घर विचारत आला. आई दारात उभी राहिली. त्यानं कमरेची गाठ सोडली, रुमालातून हे सोनं काढलं, वाकला आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"आनि?"

"आनि काय? उंबऱ्यावर ठेवलानी." ती माझ्याकडे अशी पाहत होती की मला हे समजायलाच हवं.

पद्माकरनं समजावलं. "आमच्या वाडीत तसं असतं, मॅडम. पाण्यावर माणूस गेला की त्याच्या अंगावरचं सोनं, कानातली बाळी म्हणा, अंगठी म्हणा, बरोबरचे खलाशी घरी आणतात. हातात नाय देत. तोंडानं काय बोलत नाय. उंबऱ्यावर ठेवतात. घरातल्या बाईनं काय ते समजायचं."

"आयस समजली," आत्या म्हणाली. "तिनं तिथंच बांगड्या फोरल्या. शेजारच्या बाया धावल्या, रडारड सुरू झाली. तो मानूस काय तरी बोलत होता, हात हलवत होता. कोन ऐकतंय? पानी उतरायला लागला होता. मचवा थांबेना. तो गेला."

बाहेर धुकं विरत होतं आणि आढ्यावरचा उजेड जास्त पांढरा झाला होता. मी मनात माझी चार ओळींची नोंद जुळवली आणि तिला उत्तर दिलं. जे मला माहीत होतं ते सांगितलं.

उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात, तीन देश आहेत. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे. शंभरेक वर्षांपूर्वी आधी दोघांनी आणि मग तिसऱ्यानंही ठरवलं की आपलं नाणं एकाच वजनाचं, एकाच कसाचं पाडायचं. नाव एकच, क्रोन. एकाचं नाणं दुसऱ्याच्या बाजारात बिनबोभाट चालायचं.

"म्हंजे नबाबाच्या मुरुडात आनि इंग्रजाच्या रेवदंड्यात एकच पैका, तसा," आत्या म्हणाली.

"अगदी तसं. आणि ते सोन्याचं नाणं खरंच हातात मिळायचं. चौदा साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तीनही देशांनी सोनं देणं बंद केलं. त्याआधी खलाशाचा पगार चुकता करताना असं नाणं देणं सहज शक्य होतं. तुमच्या वडिलांना हे पगारात मिळालं असणार."

आत्याचे खांदे हळूच खाली आले, डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसे.

"कमावलेला हाय म्हंजे," ती म्हणाली. "चोरीचा नाय, भिकेचा नाय. घाम गाळून कमावलानी आनि घराला धारला. मंग घराच्याच कामाला जाऊ दे." तिच्या बोलीत 'धारला' म्हणजे धाडला. तिनं कोनाड्याकडे बघून हात जोडले. "काढ, बाय. तुझा काय तो तोलमाप कर."

पद्माकर बाहेर गेला. ओसरीवर जाऊन त्यानं विडी पेटवल्याचा वास आला. थोड्या वेळानं तो कुणाला तरी सांगत असल्याचं ऐकू आलं, "दोन सिलिंडरचं घ्यायचं. एक घेऊन काय उपयोग नाय."

दुपारी वाडी झोपल्यासारखी झाली. खाडी उतरून गेली होती आणि होड्या चिखलात कलंडल्या होत्या, वाकड्या डोलकाठ्यांचं एक रान. आत्यानं मला भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. जेवल्यावर माझे डोळे मिटायला लागले. त्या उजेडात, त्या वासात, कोनाड्यातले सगळे टाक हलतायत असं वाटत होतं. घोडा चालत होता, वीर तलवारी उचलत होते आणि टोकाचा तो दाढीवाला पाठमोरा होऊन कुठं तरी निघाला होता. आत्यानं माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले.

"झोपायला आलीस का कामाला?"

तिनं टाक माझ्या हातात दिला. पत्र्याचे चारही आकडे नाण्याच्या काठावर घट्ट दाबलेले होते. मी चिमट्याच्या टोकानं एकेक उचलला. आत्या वाकून बघत होती. चौथा आकडा निघाला, पत्रा उलटा केला आणि सोनं माझ्या तळहातावरच्या फडक्यावर पडलं. पाठ वर.

चौसष्ट वर्षं ती बाजू चांदीला चिकटून होती. तिला पाणी लागलं नव्हतं, गंध लागलं नव्हतं, सोनाराचा हात लागला नव्हता. काल पाडल्यासारखी कोरीव रेघ न् रेघ. मुकुट, ढाल, सन अठराशे एकाहत्तर. मी भिंग लावलं. पहिल्यांदा मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

तिथं क्रोन हा शब्द नव्हता. तिथं फ्रँक होतं. आणि त्याच्या जोडीला एक नाव, कॅरोलिन.

मी तागडी मांडली. दहा क्रोनरचं नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. हे सव्वातीनलाही जरा कमी भरलं.

"काय झाला?" आत्यानं विचारलं.

सगळं ठरलं होतं. तिचं समाधान झालं होतं, पद्माकरचं इंजिन ओसरीवर सुरूही झालं होतं. माझ्या हातात जे होतं ते दहा क्रोनरपेक्षा कितीतरी दुर्मीळ होतं. चेहरा झिजलेला असला तरी यादीच्या पहिल्या पानावर जाण्यासारखं. मी गप्प बसले असते तर कुणाचंच वाईट झालं नसतं. पण मी तिला एक उत्तर दिलं होतं आणि ते चुकीचं होतं. तिनं त्या उत्तरावर तिचा बाप माझ्या हातात दिला होता.

"आत्या, मी मघाशी सांगितलं ते बरोबर नाही. हा पगार नाही."

पद्माकर दारात आला.

मी सांगायला लागले. क्रोन ठरण्याच्या काही वर्षं आधी स्वीडनच्या मनात दुसरंच होतं. फ्रान्सनं तेव्हा शेजारच्या देशांना घेऊन नाण्याची एक जूट केली होती आणि सगळ्या जगाचं नाणं एक करायचं अशी भाषा पॅरिसमध्ये चालली होती. स्वीडनला वाटलं आपणही त्यात जाऊ. म्हणून त्यांनी आधीच हे नाणं पाडलं. दहा फ्रँकच्या बरोबरीचं. राजाचं नाव कार्ल, म्हणून नाण्याचं कॅरोलिन. कोनाड्यातला हा माणूस तो कार्ल. ऑस्कर त्याचा धाकटा भाऊ, म्हणून दाढी सारखी. पण फ्रान्स लढाईत हरला, बोलणी तिथंच राहिली आणि स्वीडननं डेन्मार्कबरोबर क्रोनची गाठ बांधली.

"साखरपुडा एकीशी, लगीन दुसरीशी," पद्माकर म्हणाला.

"हो. आणि हे नाणं त्या मोडलेल्या साखरपुड्याचं. थोडीच पाडली होती. बाजारात ती कधी धड चाललीच नाहीत. तुमचे वडील जहाजावर चढले तेव्हा त्याला चाळीस वर्षं झाली होती. तोपर्यंत तिथं पैसा म्हणजे क्रोन. हे असं नाणं कुठला कप्तान कुठल्या खलाशाला पगारात देणार नाही. त्याच्याकडे ते असणारच नाही."

"मंग कोनाकडे असनार?"

"घरात. पेटीत जपून ठेवलेलं."

आत्याचा चेहरा बदलला. "चोरला म्हनतेस माझ्या बापसानं?"

"नाही. चोर ते विकतो. दाभोळच्या माणसाच्या हाती घरी पाठवत नाही." मी थांबले. यापुढचं मला पक्कं माहीत नव्हतं आणि तसं तिला आधी सांगणं भाग होतं. "आत्या, आतापर्यंत बोलले ते मी लिहून देऊ शकते. आता जे बोलते त्याला माझ्याकडे पुरावा नाही. त्या देशात अशी जुनी सोन्याची नाणी लोक एका कामासाठी राखून ठेवायचे. मूल जन्मलं की बारशाला ते मुलाला द्यायचे. नव्या जिवाला सोनं. असं मी वाचलंय."

पद्माकरची विडी विझली होती. ती त्यानं तशीच बोटांत धरली होती.

"तुमचे वडील आजारी पडून तिथं कुणाच्या घरी राहिले असतील. किंवा जहाज गोदीत अडकलं असेल. कुणी त्यांना विचारलं असेल, घरी कोण आहे. ते म्हणाले असतील, बायको पोटुशी होती, आता मूल झालं असेल. आणि त्या घरातल्या कुणीतरी पेटी उघडली असेल. हे सगळं 'असेल' आहे. पण सोनं निघालं ते कुणाच्या तरी घरातूनच."

चांगुणाआत्या उठली. कोनाड्यापाशी गेली, परत आली, पुन्हा बसली. तिची नजर माझ्या फडक्यावर होती.

"त्यानं इचारला होता," ती फार हळू म्हणाली.

"कुणी?"

"त्या मुसलमान बाबानं. सोना ठेवायच्या आधी. आयस सांगायची, मी तिच्या काखेत होते. त्यानं माझ्याकडे बघून इचारला, पोरगा का पोरगी. आयस बोलली पोरगी. तो हसला. मंग वाकून सोना ठेवला." ती थांबली. "आयस म्हातारी होईस्तोवर बोलायची, मरनाचा निरोप घेऊन आलेला मानूस हसला कसा. त्याला ती शिव्या घालायची."

"मग उंबऱ्यावर का ठेवलं त्यानं?" पद्माकरनं मला विचारलं. पण उत्तर आत्यानंच दिलं.

"परक्या बाईच्या हातात कसा देनार तो? घरात बाप्या मानूस नाय. चांगला मानूस असनार. हाताला हात लागू नये म्हनून खाली ठेवलानी." तिनं डोळे मिटले. "त्याला काय ठाव आमचा उंबरा."

चिखलातून पाण्याची पहिली रेघ आत सरकत होती. खाडी परत भरायला लागली की एक बारीक आवाज येतो, कुणीतरी लांबून कापड फाडत असल्यासारखा. तो आवाज येत होता. मला वाटतं आम्ही तिघंही एकच गोष्ट बघत होतो. बांगड्या फुटतायत, बायका रडतायत, आणि अंगणात एक वयस्क माणूस हात हलवून सांगतोय की जानू जिवंत आहे, जिवंत आहे. आणि त्याच्या मागं पाणी उतरतंय.

"आयस तीस वरसां पांढऱ्या कपाळानं जगली," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. ती मोजमाप केल्यासारखी बोलत होती. "तो नंतर कधी मेला असेल तो असेल. पन त्या दिशी नाय."

"त्या दिवशी नाही. एवढं मला वाटतं."

"तुला वाटतं."

"मला वाटतं. लिहून देता येणार नाही."

"मना नको लिहून. मना वाचता कुठं येतंय?"

पद्माकर खाली बसला. त्यानं हळूच घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, पण तो दोन सिलिंडर विसरू शकत नव्हता. "आत्या," तो म्हणाला, "मग तर काय अडचणच नाय. आज्याचा टाक मोडतोय म्हणून जीव खालीवर होत होता. तो टाक नव्हताच की. नुसतं सोनं हाय. मॅडम म्हणतात दुर्मीळ हाय."

"बरंच दुर्मीळ आहे," मी म्हणाले. "तुमच्या इंजिनाच्या किमतीचा मोठा भाग निघेल."

"ऐकलंस?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मायेनंच पाहिलं.

"पद्या, तो देव होता तवर घराचा होता. मी कोन नाय म्हननारी? दिला असता. दिलाच होता सकाळी." तिनं फडक्यावरच्या सोन्याकडे बोट केलं. "आता तो घराचा नाय. माझा हाय. बापसानं मना धारलेला हाय."

"आत्या, पासष्ट वर्षांची झालीस. आता बारसं करतेस?"

"मंग काय, उशिरा आला म्हनून परत धारू?"

पद्माकर हसला, पण अर्धवट, आणि मान खाली घालून विझलेल्या विडीशी खेळत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "चल. ट्रॉलरवर पगार तरी नक्की मिळतो."

"माझ्या कुड्या हायत. त्या ने."

"कुड्यांत पंखापण येणार नाय इंजिनाचा."

"मंग पंख्यापासून सुरू कर."

तिनं चांदीचा रिकामा पत्रा उचलला, चार आकडे वर आलेले तसेच, आणि कोनाड्यात ओळीच्या टोकाला त्याच्या जागी ठेवला. त्याला हळद लावली, गंध लावलं. "तोंड नसला तरी बापूस ह्योच," ती बोलली. मग ती माझ्यासमोर येऊन बसली, पदर सारखा केला आणि उजवा हात पुढं केला, तळवा वर.

"ठेव माझ्या हातावर," ती म्हणाली. "पोर पहिल्यांदा बघितल्यावर ठेवतात ना, तसा."

इतकी वर्षं मी नाण्यांचं काम केलं. नाणं उघड्या बोटांनी धरू नये, हे मी पुढं किती जणांना शिकवलं. त्या दिवशी मी चिमटा बाजूला ठेवला, सोनं बोटांनी उचललं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

तिनं मूठ मिटली, अंगठा आत घेऊन. पद्माकर होडी सोडायला पाण्याकडे गेला. तिकडून त्यानं दोनदा हाक मारली, पाणी आलंय म्हणून. आत्यानं मला दारापर्यंत सोडलं, पण निरोपाचा हात डावा हलवला.